निर्मलाताईंचं सोयाबीनचं पोतं

जिवंत माणसाच्या दारात त्याच्याच मयतीला माणसं गोळा करण्याचा मान आमच्या गोरेगावात अजून तरी माझ्या एकट्याकडेच आहे.

त्याचं असं झालं. हिंगोलीच्या डॉक्टरांनी माझ्या रक्ताचा रिपोर्ट वाचला, चष्मा काढून माझ्या पोटाकडे पाहिलं आणि "चालायला लागा" एवढंच म्हणाले. लेकीनं पुण्याहून बूट पाठवले. पोपटी रंगाचे. पन्नाशी ओलांडलेल्या कापड दुकानदाराच्या पायात ते असे दिसत, की बूट आपल्या कामाला निघालेत आणि मी चुकून त्यांच्यात बसलोय असं वाटावं. ते घालून मी पहिल्यांदाच पहाटे सेनगावच्या रस्त्याला लागलो. नीट उजाडलंही नव्हतं. एवढ्यात गावाकडून एक बाई धावत आली आणि माझ्या बाजूनं शेतांकडे निघून गेली. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गच्च बांधलेली. ओळखायला क्षणभर लागला, कारण त्यांना मी जन्मात साडीशिवाय पाहिलं नव्हतं. अंगणवाडीच्या निर्मलाताई! आमच्या मागच्या गल्लीतच राहतात. त्यांचे यजमान उत्तमराव लकव्यामुळं कित्येक महिने खाटेला खिळलेले.

आता, आमच्याकडे पन्नाशीची बाई पहाटे धावते ती दोनच कारणांनी. एक तर म्हैस सुटली, नाही तर घरातलं कोणी गेलं. ताईंकडे म्हैस नव्हती.

मी तसाच उलटा फिरलो आणि शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच पळालो. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत छातीचा भाता झाला होता, तरी ओरडलो, "उत्तमराव गेले! ताई भावकीला सांगायला पळाल्या!" दारं उघडली. माणसं टॉवेल खांद्यावर टाकून निघाली, बायांनी पदर डोळ्यांना लावले. ताईंच्या दारात चांगली गर्दी झाली आणि आतून उत्तमरावांचा भरदार आवाज आला, "काय गलका हाय रे? कोन गेलं?"

एक जण खाकरून म्हणाला, "न्हाई, तसं अजून कोनी न्हाई." आणि सगळी गर्दी वळून माझ्याकडे पाहू लागली.

तेवढ्यात ताई घामानं निथळत परत आल्या. "काय झालं, भाऊ?"

"ताई, तुमी पळत व्हत्या..."

"व्हय, पळून राहिले. रोजच पळते. तुमाला डॉक्टरनं चालायला सांगितलं म्हनं. मंग चालायचं सोडून गाव काहून उठवलं?"

लोक हसत पांगले. मीही भिंतीकडेनं सटकत होतो, पण उत्तमरावांनी हाक मारली, "आत या, दुकानदार. माझी बातमी तुमी आनली, च्या तरी पिऊन जा."

चहा घेता घेता जे पाहिलं त्यानं माझा हात कपासकट थांबला. अंगणात सोयाबीनचं एक पोतं होतं, अर्ध्याहून थोडं कमी भरलेलं. ताईंनी ते पाठीवर घेतलं आणि खाली बसल्या. उठल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. गुडघे कटाकट वाजत होते, चेहरा लाल झाला होता. मी उत्तमरावांकडे पाहिलं.

"ते पोतं दिसतंय ना?" ते शांतपणे म्हणाले. "ते मी हाय. सध्या कमरेपर्यंत भरलोय."

उत्तमरावांचा हा स्वभाव होता. गोरेगाव-सेनगाव रस्त्यावर उभं आयुष्य जीप चालवली. दांडगा गडी. टपावर गाठोडी एका हातानं फेकायचे, म्हाताऱ्यांना उचलून सीटवर ठेवायचे. लकव्यानं उजवी बाजू गेली आणि रोज सकाळी गल्लीतली माणसं त्यांना उचलून न्हाणीत न्यायला यायला लागली. माणसं चांगली होती, कुणी कधी कुरकुर केली नाही. पण उत्तमरावांना ते सोसेना. "आयुष्यभर म्या लोकायला बसवलं, आता लोकायनं मला बसवावं?" असं म्हणायचे आणि डोळे मिटून घ्यायचे.

पुढचं ताईंनी मला रस्त्यावर सांगितलं, कारण दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या मागे चालायला लागलो होतो. म्हणजे त्या पळायच्या, वळून यायच्या, मला ओलांडायच्या आणि परत पळायच्या. एवढ्या येरझाऱ्यांत जेवढं बोलणं व्हायचं तेवढं.

"हे अर्धीच भाकर खाऊ लागले, भाऊ. दिवस मावळला की पानी बंद. मी म्हनलं, भूक काहून मेली? सांगतच न्हाईत. एक दिवस लई खोदून इचारलं तर म्हनले, निर्मला, मानसायला जड जातंय, थोडं वजन उतरवून राहिलो." ताई बोलता बोलता थांबल्या. पळताना कधी न लागलेली धाप त्यांना तेव्हा लागली. "मी त्याच दिवशी सांगितलं, हलकं व्हायचं काम तुमचं न्हाई. तुमी पोटभर जेवा. ताकदीचं मी बघते."

त्या बघत होत्या ते असं. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पुतण्याला विचारून घेतलं. पळायचं का, तर दम वाढतो. उठाबशा का, तर माणूस हातानं नाही, मांड्यांनी उचलायचा असतो. पोत्यात दर आठवड्याला थोडं सोयाबीन वाढवायचं. गावात अर्थातच बोलणी झाली. "नवरा खाटंवर आन बाई रस्त्यावर," असं माझ्याच दुकानात ब्लाउजपीस निवडता निवडता बाया बोलायच्या. जीपवाले मुद्दाम हॉर्न वाजवायचे. ताई हात वर करून त्यांना "जय भीम" घालायच्या आणि पळत राहायच्या.

मला त्यांनी अंगणवाडीच्याच पद्धतीनं शिकवलं. उठाबशी नीट झाली की टाळ्या वाजवून "शाब्बास!" म्हणायच्या, रडगाणं सुरू केलं की बोट ओठावर. त्यांचं एक म्हणणं होतं : "अंग म्हंजे अंगनवाडीतलं लेकरू हाय, भाऊ. पहिल्या दिवशी रडतंय, दुसऱ्या दिवशी रडतंय, तिसऱ्या दिवशी सोताच खाऊ मागतंय." माझं लेकरू महिनाभर रडलं. एकदा मी म्हणालो, "ताई, आज मन न्हाई." त्या थांबल्यासुद्धा नाहीत. "मनाला घरी झोपू द्या. पाय तेवढे घेऊन या, बराबर."

माझ्या बायकोला, मंगलला, हा सगळा प्रकार तमाशाच वाटायचा. "ती बाई नवऱ्यासाठी पळून राहिली," ती म्हणायची, "तुमी कोनासाठी? समोशासाठी?" ते खरंही होतं. परतताना मी नाक्यावर एक समोसा खायचो. अंगाला खाऊ लागतो, हे मी ताईंकडूनच शिकलो होतो.

वैशाखात बुद्धपौर्णिमा आली. लकवा झाल्यापासून उत्तमराव विहारात गेले नव्हते. आमच्या विहाराला उंच पायऱ्या आहेत. माणसं खुर्चीत बसवून न्यायला तयार होती, ते नको म्हणायचे. त्या दिवशी मी विहाराबाहेर उभा होतो. ताईंनी आदल्या दिवशी माझ्या दुकानातून लांब मांजरपाट फाडून नेला होता. कशाला, ते विचारलं तर "लागतो" एवढंच म्हणाल्या. ऑटोरिक्षा पायरीशी थांबली. आत पांढऱ्याशुभ्र कपड्यांत उत्तमराव. ताई पाठमोऱ्या होऊन खाली बसल्या, पुतण्यानं उत्तमरावांना त्यांच्या पाठीवर टेकवलं आणि तो मांजरपाट दोघांभोवती गुंडाळून बांधला.

चार माणसं धावली. ताई खालूनच म्हणाल्या, "हात लावू नका. वाट तेवढी सोडा."

आणि त्या उठल्या.

मी ते पोतं रोज पाहत होतो, तरी माझा विश्वास बसेना. पांढऱ्या साडीतली ती बुटकी बाई आणि तिच्या पाठीवर तिच्या दीडपट नवरा. एक पायरी, थांबायचं, श्वास घ्यायचा, पुढची पायरी. उत्तमरावांनी डोळे गच्च मिटले होते. लाजेनं, हे कळत होतं. मध्यावर ताईंचा पाय किंचित हलला आणि सगळ्यांच्या तोंडून एकदम "आई गं" निघालं. तेव्हा उत्तमरावांनी डोळे उघडले आणि बायकोच्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हळू घे. पुढं गतिरोधक हाय."

लोक हसले. हसता हसता कितीक जणांनी डोळे पुसले. वर पोचल्यावर गाठ सोडायला मी पुढे झालो होतो, म्हणून त्यांचं पुढचं बोलणं मला ऐकू आलं.

"निर्मला, लई जड हाय का मी?"

"हाय," ताई म्हणाल्या. "पन माझ्या मापाचे हाय."

त्या दिवसानंतर रस्त्यावरचे हॉर्न बंद झाले. उत्तमराव रोज ताईंच्या पाठीवरून अंगणात येऊन बसू लागले, दोन्ही वेळा पोटभर जेवू लागले. गालावर मांस आलं. ताई तक्रार करायच्या, "हे वाढून राहिले, भाऊ, आता मला बी वाढावं लागतंय." अशी सुखाची तक्रार मी क्वचितच ऐकली आहे.

दिवाळी झाली आणि एका दुपारी, जेवण करून, अंगणात उन्हाला खाटेवर बसल्या जागी उत्तमराव गेले. दुसरा झटका. ताई अंगणवाडीतून घरी पोचायच्या आत. मी दुकान तसंच उघडं टाकून गेलो. ताई त्यांच्या पायाशी बसल्या होत्या. तिरडीवर ठेवायची वेळ आली तेव्हा माणसं पुढे झाली. ताईंनी हातानं बाजूला केलं आणि खाटेवरून त्यांना स्वतः उचललं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. पाव्हणे गेले. ताई परत कामावर जाऊ लागल्या, लेकरांना खिचडी वाढू लागल्या. पण पहाटेचा रस्ता रिकामाच राहिला. मी एकटा जायचो, वळणापर्यंत पोचायचो आणि कोणी मला ओलांडत नाही म्हणून परत फिरायचो. मला खरा धक्का बसला तो त्यांना एका दुपारी दारात पाहून. विहाराच्या पायऱ्या चढलेली ती बाई पाण्याची कळशी भिंतीचा आधार घेत उचलत होती.

"ताई जेवत न्हाईत," मंगल म्हणाली. "भाकर तशीच पडून ऱ्हाती. चला."

आम्ही दोघं गेलो. मी दुकानात घोकून नेलेलं सगळं बोललो. पाय मोकळे करा, तब्येतीला बरं, उत्तमरावांनाही आवडलं असतं. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कशापायी, भाऊ?" त्या म्हणाल्या. "ज्याच्यासाठी अंग कमावलं त्यो मानूस गेला. ह्या ताकदीचं आता काय करू? रोज सकाळी हात शिवशिवतेत. उचलायला कोनी न्हाई."

मी चटईची काडी ओढत बसलो. तेव्हा मंगल, जिनं या सगळ्याला तमाशा म्हटलं होतं, पुढे सरकली.

"ताई, ह्यांच्याकडं बघा जरा."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं.

"ह्यांची शुगर वाढलेली. वरून समोसे चालू. उद्या हे पडले तर मला उचलता येनार हाय का? मी कोनाच्या दारात जाऊ रोज चार मानसं बोलवायला? मला शिकवा."

मी थक्क होऊन बायकोकडे पाहिलं. आयुष्यभर संसार केलेली बाई, माझ्या देखत, माझ्या लकव्याची सोय लावत होती! ताई मात्र मला वरपासून खालपर्यंत पाहत होत्या, पोतं पाहावं तसं. मग त्यांनी विचारलं, "वजन किती?" मी सांगितलं. मंगलनं त्यात भर घालून सांगितलं.

"झोपा हितं," ताई म्हणाल्या.

"मी?"

"मंग कोन? झोपा. डावी बाजू सोडून द्या. मेलेली हाय असं समजा."

मी त्या ओसरीवर आडवा झालो. भिंतीवर उत्तमरावांचा फोटो होता, त्याला सकाळीच घातलेला हार. डावा हात ढिला सोडायचं म्हटलं तर तो आपोआप ताठत होता. "सोडा, भाऊ, सोडा," ताई म्हणत होत्या, "पडलेला मानूस मदत करत न्हाई." मंगलचे हात माझ्या काखेखाली आले. तिचा श्वास माझ्या कपाळाला लागत होता. तिनं जोर लावला. मी हललो नाही. तिनं पुन्हा लावला, बांगड्या वाजल्या, तिच्या तोंडून एक बारीक, चिडका, रडवेला आवाज निघाला, जो मी लेकीच्या जन्मानंतर कधी ऐकला नव्हता. आणि खरं सांगतो, त्या वेळी माझा डावा हात खरंच मेल्यासारखा गार पडला.

"कंबरेनं न्हाई, मंगलताई, मांड्यांनी," निर्मलाताई तिला म्हणाल्या. त्यांनी मंगलला बाजूला केलं, वाकल्या, आणि काही कळायच्या आत मी भिंतीला टेकून बसलेलो होतो. त्या उभ्या राहिल्या तेव्हा धापत होत्या आणि चेहऱ्यावर रंग आला होता. "दम गेला माझा," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग मंगलला म्हणाल्या, "सकाळी या. उजाडायच्या आत. साडी नका नेसू."

घरी येताना मंगल पुढे, मी मागे. शेवटी राहवेना म्हणून मी हसण्यावारी नेलं. "चांगलं हाय. म्हंजे आता मला व्यायामाची गरज न्हाई. तू हाईस उचलायला."

मंगल थांबली. मागे वळली.

"आन मीच आधी पडले तर?" ती म्हणाली.