पदवीवरचं प्लॅस्टिक

आमच्या घरात उघडा कागद म्हणून उरला नव्हता. रेशनकार्ड, सातबारा, माझ्या लहानपणच्या लसींचं कार्ड, एवढंच काय, शेगडीचं गॅरंटी कार्डसुद्धा बाबांनी लॅमिनेट करून ठेवलेलं. याला कारण होतं. बाबांची दहावीची सनद गावाकडच्या ट्रंकेत वाळवीनं खाल्ली. त्यापायी त्यांची एक सरकारी नोकरी हातची गेली, असं आई म्हणते. बाबा म्हणतात, गेली नाही, ती आलीच नव्हती.

मग ते हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये ग्रेडर झाले. गाडीतून चिमूटभर कापूस उचलायचा, दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून हळूहळू ओढायचा, आणि धागा किती लांब निघाला ते नुसत्या नजरेनं सांगायचं. त्यांचा आकडा आणि मशीनचा आकडा फारसा वेगळा येत नसे. आला तर बाबा मशीन तपासायला सांगत.

मी कृषी पदवीधर झाले आणि मृदाशास्त्रात पुढचं शिकायला नेदरलँड्समध्ये जायचं डोक्यात घेतलं. इंग्रजीची परीक्षा, दोन सरांची शिफारसपत्रं, आणि ‘मला मातीच का शिकायची आहे’ या विषयावर सात वेळा लिहिलेला निबंध. त्या सहा महिन्यांत मी घरात सगळ्यांवर खेकसत होते. मिक्सर लावला तरी मला राग यायचा. शेवटी प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं, शिष्यवृत्तीसकट. अट एकच होती: मूळ पदवीच्या मागे परराष्ट्र खात्याचा शिक्का मारून तिची प्रत महिनाअखेरपर्यंत पाठवायची. नाही पाठवली तर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाणार. हातात बारा दिवस होते.

मी नागपूरला गेले. शिक्क्यासाठी कागद जमा करून घेणाऱ्या कार्यालयातल्या बाईंनी माझी पदवी उचलली, बोटानं वाजवून पाहिली आणि परत सरकवली.

“ये लॅमिनेटेड है मॅडम. नहीं चलेगा. इसपे ठप्पा कैसे लगेगा?”

पदवी मिळाली त्याच दिवशी बाबा ती दुपट्ट्यात गुंडाळून दुकानात घेऊन गेले होते, हे मला माहीत होतं. तेव्हा मी हसलेही होते. परतीच्या बसमध्ये मात्र मी दात आवळून बसले होते, आणि जामचा फाटा येईपर्यंत बाबांना काय काय बोलायचं ते सगळं माझं पाठ झालं होतं.

“काऊन केलं तुमी असं? मले विचाराचं तरी!”

“मले वाटलं, तुही पदवी तरी सांभाळून राह्यली पाह्यजे,” बाबा म्हणाले.

“तुमची सनद वाळवीनं खाल्ली,” मी म्हणाले, “अन् माही तुमी खाल्ली.”

आई पोळी लाटता लाटता थांबली. बाबा चष्मा काढून शर्टाला पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठात फोन लावला. दुसरी प्रत मिळेल, पण पहिली हरवल्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल, आणि महिना तरी लागेल. म्हणजे तो रस्ता बंदच. शिवाय बाबा म्हणाले, “जे हातात हाय ते हरवलं असं कसं लिहून देता येते?” लॅमिनेशनवाल्याकडे गेलो, तर त्यानं हातच जोडले. “काकाजी, लावाची मशीन हाय, काढाची नाई. कोणी कोणी इस्त्री फिरवून काढते म्हणते, पण पोरीच्या पदवीले मी हात नाई लावत.”

माझं तोंड बघवेना म्हणून असेल, आईनं मला पिपरी मेघेला मावशीकडे पाठवलं. डोकं थंड करून ये म्हणाली. मी तिथे दोन दिवस गादीवर पडून छताकडे पाहत होते. आपण इथेच राहणार, कुठल्यातरी खतांच्या कंपनीत लागणार आणि जन्मभर घरच्यांना टोमणे मारणार, असं मनाशी ठरवूनही टाकलं होतं. तिसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला.

“येजो. तुह्यासमोरच करतो.”

घरी टेबलावर सुती धोतर चौपदरी घालून ठेवलं होतं. बाजूला इस्त्री. बाबांनी साबणानं हात धुतले होते. पंखा बंद. वर्ध्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी पंखा बंद करणं म्हणजे काय, ते इथल्याच माणसाला कळेल. बाबांनी आधी कात्रीनं कडेचं प्लॅस्टिक कापलं. मग पदवीवर फडकं टाकून इस्त्री फिरवली, फडकं उचललं, कोपऱ्यात नख घातलं आणि दोन्ही अंगठ्यांमध्ये प्लॅस्टिक धरून ओढायला लागले. कापूस ओढतात तसंच, घाई न करता.

बोटभर निघालं की पुन्हा इस्त्री. पुन्हा बोटभर. आई पदरानं त्यांच्या कपाळावरचा घाम टिपत होती, कारण एक थेंब पडला असता तरी शाई पसरली असती.

“गरम हाय तंवरच निघते,” बाबा मान वर न करता म्हणाले. “थंडं झालं का कागद संगं येते.”

“तुमाले कसं माहीत?”

“करून पाह्यलं.”

“कशावर?”

“होतं काहीतरी. बोलू नको आता, शिक्का आला.”

विद्यापीठाच्या शिक्क्यावरून प्लॅस्टिक सुटलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तर शिक्का जागच्या जागी. सगळं व्हायला दीड तास लागला. कडेच्या नक्षीचा गव्हाच्या दाण्याएवढा रंग तेवढा गेला. आईनं पंखा लावला आणि बाबा खाली फरशीवरच बसले.

नागपूरच्या बाईंनी पदवी उलटून पाहिली, पाठीवरून अंगठा फिरवला, आणि म्हणाल्या, “हां, अब ठीक है.” त्या पुढच्या माणसाला बोलवत होत्या तरी मला खुर्चीतून उठवेना. अंगातलं सगळं ओझं कुणी उतरवून घेतल्यासारखं झालं होतं. बाहेर येऊन फोन लावला.

“झालं?”

“झालं, बाबा.”

“जेवली का?”

शिक्का मारलेली पदवी मुदतीच्या दोन दिवस आधी हातात आली. प्रत पाठवली, मिळाल्याचं उत्तरही आलं. त्या दिवशी मी घरातला मिक्सर स्वतः लावला.

बॅग भरायला घेतली तेव्हा कुठे माझं टीव्हीच्या वरच्या भिंतीकडे लक्ष गेलं. तिथल्या खिळ्याला जिनिंगच्या मालकांनी दिलेलं, लॅमिनेट केलेलं प्रशस्तिपत्र असायचं, बाबांच्या पंचवीस वर्षांच्या कामाचं. दहावीची सनद गेल्यावर बाबांचं नाव असलेला मानाचा तेवढाच कागद घरात होता. त्याजागी आता माझ्या पदवीची रंगीत झेरॉक्स लटकत होती.

मी आईकडे पाहिलं. “दोन दिवस त्याच्यावरच हात बसवला त्यायनं,” ती म्हणाली. “पह्यल्या बाजूले फाटला, दुसऱ्या बाजूले जमलं.”

बाबा दारात बसून माझ्या बॅगेची चेन तपासत होते. मी जवळ जाऊन बसले.

“बाबा, तोच कागद काऊन घेतला? रद्दी काय कमी होती घरात?”

“रद्दी पातळ राह्यते,” ते म्हणाले. “तुह्या पदवीएवढा जाड तोच एक होता. चिमटीत धरून पाह्यला म्या.”

“त्या दिवशी मी बोलली ते...” एवढंच मला बोलता आलं आणि रडू फुटलं. बाबा गडबडले. त्यांना वाटलं, मी भिंतीवरच्या कागदाला पाहून रडते आहे.

“अवं, ते झेरॉक्स होय,” ते घाईघाईनं म्हणाले. “झेरॉक्स लॅमिनेट केली त चालते. म्या नागपूरले फोन करून विचारून घेतलं.”