विहिरीकाठची ज्वारी

त्या साली आमच्या विहिरीचं पाणी हिरवं झालं, त्याला घरातले सगळे जबाबदार होते. फक्त बैल निर्दोष होते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाटूरला आमच्या शेतात हायब्रीड ज्वारी आली, तिच्यामागं युरिया आला. काका तो सढळ हातानं फेकायचे. पावसात तो विहिरीत उतरायचा आणि पाण्यावर शेवाळ माजायचं. प्यायला तेच पाणी! माझे वडील, अण्णा, हैराण झाले. शेवटी दोघा भावांची पैज लागली. शेणखत दोन्ही वावरांना सारखंच, पण विहिरीकाठच्या वावराला युरिया निम्मा आणि पलीकडच्याला काकांच्या मर्जीनं. काठची ज्वारी बरोबरीला आली तर पुढं सगळीकडं निम्माच. नाही आली तर काका म्हणतील तसं, आणि मग विहीर गेलीच!

काठची ज्वारी जरा फिकी दिसू लागली आणि अण्णा पैज हरणार असं मला वाटायला लागलं. एका दुपारी काकांच्या पोत्यातला युरिया टॉवेलात बांधून मी कमरेएवढ्या पिकात वाकून शिरलो. जेमतेम एक ओळ टाकली, तोच समोर सळसळ झाली. रानडुक्कर! मी श्वास रोखून खाली बसलो. (रानडुकरापुढं बसून काय होणार होतं, देव जाणे.) ज्वारीची ताटं हलली आणि आई बाहेर आली. तिच्या पदरात युरिया.

"तुह्या अण्णाची हार बघवंना रे," ती कुजबुजली.

तेवढ्यात कुणीतरी खोकलं. आम्ही दोघं पिकात आडवे! पाहतो तर युरियाचं घमेलं घेतलेले काका. हे वावर हरलं तर जिंकणार तुम्हीच ना, असं मी विचारलं, तर ते ओशाळले.

"फिकं पीक पाहून गाव हसून राह्यलंय. वावर आपलंच हाय न्हवं?"

गप्प राहायच्या शपथा घेत आम्ही तिघं बांधावर आलो. तिथं अण्णा रुमाल झटकत उभे होते. रुमालातून पांढरे दाणे पडत होते.

"थोडासाच टाकल्ता म्या," ते म्हणाले.

पुढच्या वाऱ्यापावसात काठची माजलेली ज्वारी सपाट झाली आणि विहीर हिरवीगार. पलीकडची मात्र, जिच्या तोंडचा निम्मा युरिया आम्ही पळवला होता, भरल्या कणसांनी ताठ उभी. काकांनी तिचं एक कणीस मोडून हातात तोललं.

"अण्णा, तुमीच जिंकले. वावर तेवढं चुकलं."

पुढच्या साली सगळीकडं निम्माच युरिया पडला. ज्वारी नेहमीएवढीच झाली आणि पाणी हळूहळू निवळलं. युरियाच्या खोलीला कुलूप लागलं. किल्ली कुणाकडं द्यायची, यावर अण्णांनी फार विचार केला आणि शेवटी ती बैलाच्या गळ्यात बांधली. मी तेव्हा शेतकी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो.