दीनाताईची झील

रविवारची उपासना आटोपली, जेवण झालं, आणि मी पलंगावर जरा आडवी झाले आहे. पाच वाजता राहुरीच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, माझं कीर्तन. पप्पांच्या चिपळ्या पोटावर ठेवल्यात. पंखा कुरकुरतोय, आणि मी मनातल्या मनात आख्यान घोळवते आहे. देवाचं वचन नुसतं वाचून दाखवलं तर माझ्या कानापाशी थांबतं. गाऊन सांगितलं की छातीत उतरतं. सत्याहत्तर वर्षांची झाले, पण कीर्तन म्हटलं की अजून लग्नाच्या मुलीसारखी सकाळपासून घड्याळ बघते.

घोळवता घोळवता पंख्याची कुरकुर लोखंडी चाकांची होते. पलंग एका वळणावर कलतो. मी डोळे उघडत नाही. न उघडताच मला कळलंय, ही लीड्सची ट्राम आहे.

मी जन्मात ट्राम पाहिलेली नाही.

"सरक," शेजारून आवाज येतो. "खिडकीची जागा माझी."

माझी थोरली बहीण. दीनाताई. जानेवारीतच आम्ही तिला माती दिली. आता ती आठ वर्षांच्या मुलीचा निळा कोट घालून बसली आहे. बाह्या कोपरापर्यंत आल्यात, आणि केस मात्र पांढरे, शेवटच्या दिवसांत होते तसे विरळ.

"तुझीच कशी?" मी म्हणते. "पाटी लावलीय का?"

"मेले तरी भांडणार तू."

"तू मेलीस. मी नाही."

ती हसते आणि काचेवर बोटानं घर काढते. पूर्वी काढायची तसंच, धुराड्यासकट.

ऐका, इथं तुम्हाला थोडं मागचं सांगायला हवं. त्रेपन्न साली पप्पा मिशनच्या छापखान्यासाठी यंत्रांचं काम शिकायला इंग्लंडात, लीड्सला निघाले. आई आधीच देवाघरी गेली होती. दोघी मुलींना न्यायचं ठरलं होतं. जहाज सुटायच्या आठवड्यात मला गोवर निघाला. ताई आठ वर्षांची, मी सहा. ती गेली आणि मी नगरला आत्याकडे कडुलिंबाच्या पाल्यावर निजून राहिले.

तीन वर्षांनी ती परत आली, ती बूट वाजवत. मग रोज अंथरुणात मला लीड्स सांगायची. पहाटे दारात ठेवलेल्या दुधाच्या बाटलीचं चंदेरी झाकण पक्षी कसे टोचतात आणि वरची साय कशी खातात. सोमवारी सगळ्या गल्लीत या घरापासून त्या घरापर्यंत दोऱ्या बांधून कपडे कसे वाळत घालतात. धुकं इतकं दाट की ट्रामच्या पुढं कंदील घेऊन माणूस चालतो. थंडीनं तिच्या पायांची बोटं सुजायची, लाल व्हायची, खाजायची. मला त्या बोटांचासुद्धा हेवा वाटायचा. लोभ धरू नको, ही दहावी आज्ञा मला पाठ होती. तिच्यात शेजाऱ्याचं घर आहे, बैल आहे, गाढव आहे. बहिणीची ट्राम त्यात नाही, असं मी देवाला समजावून पाहिलं. देव ऐकत होता, पण पटल्यासारखं काही वाटलं नाही.

ट्राम थांबत नाही, आणि तरी आम्ही गल्लीत उभ्या आहोत. काळवंडलेल्या लाल विटांची घरं, एकमेकांना पाठ लावून बसलेली. सोमवार असणार, कारण डोक्यावर दोऱ्या आहेत. दोऱ्यांवर आत्याची नऊवारी लुगडी वाळत पडली आहेत. त्यांतून पाणी नाही, बारीक बर्फ गळतो आहे.

एक बाई गुडघे टेकून दाराची पायरी घासते आहे. घासून झाली की पायरीच्या कडेनं पांढऱ्या दगडाची रेघ ओढायची, ही इथली रीत. ज्या घराला रेघ नाही, त्या घरची बाई आळशी. हे मला न बघता ठाऊक आहे. ही पप्पांची घरमालकीण, मिसेस ॲकरॉइड. ती मान वर करते आणि तिचा आवाज हुबेहूब माझ्या आत्याचा निघतो.

"काय गं एस्ते, आली व्हय! पाय पूस आधी. रेघ मोडशील."

मी आत पाऊल टाकते. मागून ताई म्हणते, "मिसेस ॲकरॉइड, मी दीना."

"कोण दीना?"

"वरच्या खोलीतल्या पाटोळ्यांची मुलगी."

"पाटोळ्यांना एकच पोरगी. ही बघ, एस्तेर. धुक्यात हिचा रुमाल हरवला, तेव्हा मीच शोधून दिला होता."

समोरच्या खिडकीतून कोणीतरी हात हलवतं. "एस्तेर आली!" कोळशाची गाडी हाकणारा टोपी उचलतो. मलाच. ताई पांढऱ्या रेघेपलीकडे उभी आहे, तिच्या कोटाच्या खांद्यावर बर्फ जमतो आहे, आणि तिच्याकडे कुणीही बघत नाही.

खोटं कशाला बोलू? मला आनंद होतो. सत्तर वर्षांची ठुसठुस एका मिनिटात थांबल्यासारखी वाटते.

आणि हे असं का झालं, तेही मला माहीत आहे. तीस वर्षांपूर्वी राहुरीत माझं पहिलं कीर्तन होतं. बायबलातला, अवेळी दार ठोठावणाऱ्या मित्राचा दृष्टान्त मी लावला होता. आख्यानात ताईचं लीड्स सांगायचं ठरवलं होतं, आणि तोंडातून निघालं, "मी लहानपणी लीड्सला होते तेव्हा..." समोरच्या बाया पुढं सरकल्या. मग मला थांबवेना. मी सांगितलं, त्या परक्या गावात स्वयंपाकघरात पप्पा कीर्तन करायचे आणि मागे उभी राहून मी झील धरायचे. झील म्हणजे कीर्तनकार पालुपद म्हणून थांबला की मागच्यांनी ते उचलायचं, त्याचा आवाज एकटा पडू द्यायचा नाही. बाया रडल्या. पुढं दर वर्षी मी ते सांगत आले. नाताळला ताई यायची, तिसऱ्या बाकावर बसायची, मान खाली घालून ऐकायची. एकदाही तिनं काही म्हटलं नाही.

"एस्तू," पायरीखालून ताई हाक मारते. तिचे मोजे भिजले आहेत. "तू सगळं ठेव. ट्राम ठेव, धुकं ठेव, ते पक्षी ठेव. मी कधी परत मागितलं?"

"मग ये की आत. उभी का?"

"एक तेवढं दे."

"कुठलं?"

"पप्पांमागे झील धरल्याचं."

मी चपापते. "ते तुझं नाहीच. ते तू मला कधी सांगितलं नव्हतंस. ते मी रचलंय."

"माहितीय गं. म्हणून तर मागतेय."

गल्लीचा आता आमच्या चर्चमधला मधला रस्ता झाला आहे. दोन्हीकडे बाकं, बाकांवर बर्फ. ताई तिसऱ्या बाकाच्या कडेला टेकते आणि बुटाची नाडी सोडते.

"पप्पा कामावरून आले की चिपळ्या घ्यायचे," ती म्हणते. "श्रोते कोण? किटली आणि मी. पालुपद म्हणून थांबायचे, माझ्याकडे बघायचे. आणि खिडकीखाली शाळेतल्या पोरी दोरीवरच्या उड्या मारत असायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एक दिवस मी म्हटलं, पप्पा, शू! लोक काय म्हणतील?"

"मग?"

"मग काय. चिपळ्या बिस्किटांच्या डब्यात गेल्या."

त्या डब्यातच मला मिळाल्या होत्या, पप्पा गेल्यावर. इंग्लंडातून परत आल्यापासून त्यांनी कधी गायलं नव्हतं. लीड्सच्या धुरानं आवाज गेला, असं आत्या म्हणायची. सगळेच म्हणायचे.

"मी म्हणू दिलं," ताई म्हणते. "तिसऱ्या बाकावर तुझं ऐकताना तेवढा वेळ वाटायचं, धरली असेल मी झील. अगदी गळ्याशी यायचं. मग तू 'मी' म्हणायचीस. इतका हेवा वाटायचा ना तुझा!"

आणि मला, देवा क्षमा कर, तिची दया येत नाही. मला राग येतो. लीड्स तिचं, बूट तिचे, पप्पांची तीन वर्षं तिची. निदान हेवा तरी माझा एकटीचा होता!

एवढ्यात वरून चिपळ्या वाजतात.

पप्पांचा गाता आवाज. सहाव्या वर्षानंतर मी तो ऐकलेला नाही, पण विसरायला काय तो रुमाल आहे? "उंबऱ्याशी उभा नाथा, गारठलो मी रे फार..." मग पालुपद, "आत घे रे, आत घे." आणि आवाज थांबतो. वाट बघतो.

माझा श्वास भरून आला आहे. तोंडावर शब्द आहेत. पप्पांच्या मागे उभं राहून मी आयुष्यात एकदाही गायलेली नाही. नगरला असताना मी फारच लहान होते, आणि नंतर ते गायलेच नाहीत. तीस वर्षं लोकांना जे सांगितलं, ते खरं करायला मला एक ओळ पुरे आहे. मी पायरीच्या आत आहे. ताई अजून रेघेबाहेर आहे.

वर किटली उकळते आहे. पप्पा अजून थांबलेत. एवढा वेळ त्यांना कुणी थांबवू नये.

मी खालचा ओठ दातांत धरते आणि घट्ट मिटते.

ताई माझ्याकडे बघते. मग खिडकीखाली दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या पोरींकडे. आणि ती गाते. "आत घे रे, आत घे."

बेसूर. देवा, किती बेसूर! पहिला स्वरच घसरलेला. मी असते तर... मी ओठ आणखी दाबते.

पप्पांना काही वाटत नाही. ते तिच्या त्याच पडक्या सुरावरून पुढचं कडवं उचलतात, आणि आवाज नुसता मोकळा होतो.

"दीना व्हय?" मिसेस ॲकरॉइड हातातला दगड खाली ठेवते. "अगं बाहेर काय उभी, गारठशील की!"

ताई माझ्या अंगावरून आत जाते. कोट ओला आहे. जाता जाता माझी वेणी ओढते, जोरात.

पंखा कुरकुरतोय. साडेतीन वाजलेत. बाहेर एप्रिलचं ऊन भाजतंय. उशीच्या अभ्र्यावर रुपयाएवढा लाल डाग पडला आहे, ओला. मी उठून आरशात बघते. खालचा ओठ टम्म सुजलाय, त्यावर दोन दातांच्या खुणा. चहाचा घोट घेतला तर डोळ्यांत पाणी आलं.

आज मंडळीला सांगणार आहे की झील तुम्ही धरा, माझा ओठ दुखावलाय. आणि आख्यान बदलायचं आहे. लीड्सला पप्पांबरोबर माझी बहीण दीना होती. मी नव्हते, मला गोवर निघाला होता. पप्पांमागे झील तिनं धरली.

बेसूर धरली, हेही सांगणार. भांडायचा तेवढा हक्क मी माझ्याकडे ठेवते आहे.