आमच्या विहिरीतल्या आसरा

सांगलीच्या शाळेत मी शिकले होते की आसरा म्हणजे निवारा. पुल्लिंगी शब्द, तो आसरा. लग्न होऊन कराडच्या खाली कृष्णाकाठच्या गावात आले, तर इथं आसरा म्हणजे बायका. साती आसरा, पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. आमच्या मळ्यातल्या विहिरीच्या निम्म्या पायऱ्या उतरलं की डाव्या हाताला एक देवळी होती. तिच्यात शेंदूर फासलेले सात दगड ओळीनं मांडलेले होते. त्याच त्या आसरा. लहान पोर पाण्याकडे जायला लागलं, गाय अडली, नवी मोट बांधली, की पहिला दहीभात त्यांना जायचा.

मी पडले सातवी पास, तोंड कुठं गप्प बसतंय! एकदा भाकरी थापता थापता आक्कांना म्हटलं, "आवं आक्का, मूळ शब्द अप्सरा. त्याचा झाला आसरा. स्वर्गात नाचणाऱ्या त्या." आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. त्यांनी चुलीतलं लाकूड जरा मागं ओढलं आणि म्हणाल्या, "नाचत्यात कवा गं? हितं राखायचंच काम लय पडतंय त्यास्नी." मी भाकरी उलटली.

आमचं घरही तेव्हा नवलाचंच होतं. थोरले दीर, म्हणजे आक्कांचे मालक, इंग्रज सरकारच्या पलटणीत, लढाईवर गेलेले. आणि धाकटे, म्हणजे माझे मालक, त्याच सरकारच्या विरुद्ध भूमिगत. एका ताटात जेवलेले दोन भाऊ. गावातल्या बायका आक्कांना टोचायच्या, "तुझ्या दिरापायी तुझ्या नवऱ्याला तिकडं काय झालं म्हंजी?" आक्का म्हणायच्या, "त्यांचं त्यांच्यापाशी. माझ्या दारात दोगं बी सारखंच."

त्या हिवाळ्यात हे अचानक घरी आले ते तापानं फणफणलेले. धड उभं राहता येईना. पोलीस गावोगाव फिरत होते, आणि पहिल्यांदा ऊसच विंचरायचे, कारण सगळे उसातच लपायचे. माझं डोकं चालेना, नुसती रडत बसले. आक्कांनी पदर खोचला, ह्यांना खांद्याचा आधार दिला आणि विहिरीत उतरवलं. देवळीच्या बाजूला कातळात एक कपार होती, माणूस पाय पोटाशी घेऊन बसेल एवढी. तिच्या तोंडाशी आक्कांनी खण, बांगड्या, नारळ, निंबाचा पाला असं सगळं मांडलं, कुणालाही वाटावं कालच पूजा झालीय. वर येऊन हात धुतले आणि मला म्हणाल्या, "आता त्या जाणं अन् त्यो जाणं. तू डोळं पूस."

दुसऱ्या दिवशी, ऊन डोक्यावर आलं असताना, पोलीस मळ्यात आले. फौजदार कुठला तरी लांबचा, पुस्तकी मराठी बोलणारा. सोबत चारपाच शिपाई आणि एक वयस्क हवालदार. तो बोलण्यावरून वडूजकडचा वाटला. ऊस तुडवून झाला, गोठा झाला, कणग्यांत काठ्या घालून झाल्या. फौजदारानं आक्कांना दरडावलं, "खरं सांगा, कुणाला आसरा दिला आहे का?"

"आमी कोन आसरा द्यायला?" आक्का म्हणाल्या. "आसरा हायेत की आमच्या. त्या हिरीत. त्याच आमास्नी राखत्यात."

विहिरीचं नाव घेतलं होतं बाईनं, सरळ तोंडावर. फौजदाराला काही उमगेना. "कोण आहेत विहिरीत? किती जण?"

"सात जनी हायेत. सख्ख्या भैनी."

शिपाई हसायला लागले. हवालदारानं समजावलं, "पान्यातल्या देवी असत्यात साहेब, आमच्याकडं." फौजदार चिडला. खाली जाऊन बघून या म्हणाला. शिपायांचं हसणं तिथंच थांबलं. भर दुपारी आसरा न्हायला वर येतात आणि तेव्हा पाण्याशी गेलेल्या पुरुषाला धरतात, हे त्यांनाही आयांनी सांगितलेलं असणार. कुणी पुढं होईना. आणि आक्कांनी, देवा, आणखी वर म्हणावं, "जावा की. पायतान तेवडं काढा. घरी पोरंबाळं असतील तुमच्या."

शेवटी तो हवालदारच खाली बसला, बूट काढले, टोपी काढून बुटावर ठेवली आणि पायऱ्या उतरला. मी आक्कांचा दंड धरला होता. त्यांचा दंड थंडगार लागला, तेव्हा मला कळलं की ही बाई माझ्याइतकीच भ्यालीय. चेहऱ्यावर मात्र काही नाही, फौजदाराला म्हणतायत, "ताक घेता का?" आजवर पुष्कळ शूर माणसांची भाषणं मी ऐकली. त्या ताकाएवढं धाडस मला कुणात दिसलं नाही.

हवालदार वर आला. "सात दगूड हायेत साहेब. शेंदूर लावल्याला. पूजा झालीया. बाकी काय न्हाई." फौजदारानं ताक न घेताच काठी काखेत मारली आणि वाटेला लागला. शिपाई त्याच्या मागं गेले.

हवालदार बूट घालत मागं राहिला. नाडी ओढता ओढता, वर न बघता आक्कांना म्हणाला, "बाई, सात म्हनालासा. मला आठ दिसल्या. आठवीला हुडहुडी भरलीया. घोंगडं पोचवा." आणि उठून गेला.

हे वाचले. थोरले दीरही लढाईवरून परत आले, एका कानानं बहिरे होऊन, पण आले. घरानं आसरांचा मोठा नैवेद्य केला. पानं मांडताना मी मोजली, तर आक्कांनी आठ मांडली होती. मी म्हटलं, "आक्का, आठवं ह्यांच्या नावानं व्हय?"

"तुझा नवरा कुठनं आसरा झाला गं?" दहीभात वाढत त्या म्हणाल्या. "त्यो तर आसऱ्याला आल्याला. ह्ये पान त्या बूट काढून गेलेल्याचं."

आक्का आता नाहीत. विहिरीवर मी जाते. अजून आठ पानं मांडते.