त्याच्या वहीतला माझा पासवर्ड

“कीबोर्ड हाय त्यो, कोयता न्हाई. हळू दाब.”

आष्टीच्या सायबर कॅफेत, गल्ल्यावरून, बसल्या जागेवरून कॅफेवाला बोलला. चार कॉम्प्युटरवरची चार पोरं हसली. त्यातला एक माझ्याच वर्गातला. मी मान वर केली नाही. समोर लाल अक्षरांत आलं होतं, पासवर्ड चुकीचा आहे. तिसऱ्यांदा.

माझे आई-बाप ऊसतोडीला जातात, हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्यानं आडनावावरून ताडलं.

दिवाळी झाली की आमची वस्ती रिकामी. दारांना कुलपं, राखणीला म्हातारी माणसं, आन् मी. मला कॉलेजसाठी मागं ठेवलेलं. एकटीनं भाकरी थापायची, एकटीनं खायची. घरात आवाज असावा म्हणून मी पुस्तक मोठ्यानं वाचायचे.

नगरच्या एका संस्थेत कॉम्प्युटर ऑपरेटरची जागा निघाली होती. मी अर्ज केला. मुलाखतीचं पत्र ई-मेलवर येणार होतं. दर रविवारी किराणा दुकानात बापाचा फोन यायचा, आणि पहिलं वाक्य एकच, पत्र आलं का. ती नोकरी लागली असती तर आई पुढच्या हंगामाला गेली नसती. मोळ्या वाहून तिची कंबर पार गेलती. माझं सगळं ध्यान त्या पत्रात होतं.

खातं कॅफेवाल्यानंच काढून दिलेलं. बाजारपेठेत त्याच्या घरची तीन दुकानं. सगळे त्याला भैय्यासाहेब म्हणायचे, मीही म्हणायचे. सगळ्यांचे पासवर्ड तो एका वहीत लिहून ठेवायचा. आम्हाला वाटायचं, पद्धतच असेल. आठ दिवसांपूर्वी माझा पासवर्ड लागेना, तर त्यानं मला बाहेर बाकड्यावर बसवलं, आत स्वतः बदलला आणि नवा चिठ्ठीवर लिहून दिला. मी खुर्चीवर बसेपर्यंत लाईट गेली.

आज तोच नवा लागत नव्हता. चौथ्यांदा टाकायला गेले आणि थांबले. वर नाव टाकलं की खालचा रकाना आपोआप काळ्या ठिपक्यांनी भरत होता, मी काही दाबायच्या आधीच. लहानपणी फडात मोळ्या मोजायचं काम माझ्याकडं असायचं. ठिपके मोजले. सात. चिठ्ठीवरची अक्षरं नऊ. म्हणजे कॉम्प्युटरनं जुना पासवर्ड धरून ठेवला होता, आणि मी त्याच्याच शेपटाला नवा जोडत होते. सगळं पुसलं. एकेक अक्षर बघून टाकलं.

उघडलं. लई आनंद झाला. कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण शेजारी कोण होतं?

पत्र आलेलं होतं. न वाचलेलं पत्र जाड अक्षरांत दिसतं, एवढं मला माहीत होतं. माझं बारीक होतं. दहा दिवसांपूर्वी आलेलं. मुलाखत परवाच होऊन गेलती.

उठून गल्ल्यापाशी गेले. विचारलं, तुम्ही वाचलं होतं का. त्यानं लपवलंसुद्धा नाही.

“वाचलं की. सांगायचं राहिलं. आन् तू एकटी कुठं नगरला जाणार होतीस? असल्या नोकऱ्या तुमच्या लोकांसाठी नसत्यात.”

किती सहज बोलला. चहा सांगावा तसं. पोरं या वेळी हसली नाहीत, आपापल्या पडद्याकडं वळली. वर्गातला तो तर नजर चोरून बसला. रिकाम्या वस्तीतही मला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

परत खुर्चीवर बसले आणि पासवर्ड बदलला. तो वही घेऊन मागं येऊन उभा राहिला. नवा काय ठेवला म्हणाला, लिहावा लागतो. मी वही त्याच्या हातातून घेतली. माझ्या नावाच्या खाली-वर आष्टीतल्या कितीतरी पोरी होत्या. माझी ओळ पेनानं खोडली, कागद फाटेपर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा त्याला अरे-तुरे केलं.

“माझं पत्र तू परत वाचायचं न्हाई.”

परत अडकलीस तर इकडं फिरकू नको, म्हणाला. मी नाही गेले.

रविवारी फोन आला. बापाला सांगितलं, पत्र आलतं, दुसऱ्यानं वाचलं. तिकडून ट्रकचा आवाज येत होता. तो म्हणाला, जाऊ दे. मी म्हटलं, नाही जाऊ देणार.

कॉलेजात एकेक पोरगी गाठली, तुझं नाव त्या वहीत आहे म्हणून सांगितलं. कशाला त्याच्याशी वाकडं घ्यायचं, म्हणाल्या. एकही आपली ओळ खोडायला आली नाही. म्हणून मी एकटीच कडा गावाला जाते, दुसऱ्या कॅफेत. लांब पडतं. खुर्चीवर बसले की आधी रकाना पुसते, आणि मागं कुणी उभं असलं तर त्याला तोंड फिरवायला लावते. अर्ज अजून टाकतेच आहे. नकार आला तर येऊ दे. माझ्या नावानं आलेला नकारसुद्धा आता आधी मी वाचणार.