गिरणीचं दुसरं दार

सरकारने मला सल्लागार समितीवर घेतलं तेव्हा घरात कुणाचाच विश्वास बसला नाही, आणि सगळ्यात कमी माझाच. यवतला हायवेलगत माझं मसाल्याचं कांडप आहे. मिरची कुटता कुटता आपण सरकारला सल्ला द्यावा, असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. पहिल्या बैठकीला गेले आणि उलगडा झाला. समितीवर एक महिला हवी होती, ग्रामीण भागातलं कुणी तरी हवं होतं आणि एक लघुउद्योजक हवा होता. माझ्या एकटीत तिघं बसत होते. सरकारच्या दोन खुर्च्या वाचल्या.

काम तसं साधं होतं. छोट्या धंद्यांसाठी नवा नियम यायचा असला की त्याचा मसुदा आधी आमच्यापुढे यायचा. पुण्यातल्या एका सरकारी इमारतीत लांबलचक टेबलाभोवती बसून आम्ही तो कलमामागून कलम वाचायचो. मला वाटलं होतं, चहा-बिस्किट खायचं आणि माना डोलवायच्या. पण आमचे अध्यक्ष, एक निवृत्त अधिकारी, भलतेच चिवट निघाले. प्रत्येक कलमाला त्यांचे तेच प्रश्न असायचे. याची गरज काय? याचा भार कुणावर पडणार? यापेक्षा सोपं काही करता येईल का? समोर बसलेल्या विभागाच्या साहेबांना घाम फुटायचा. मला तर ते बघायलाच मजा यायची.

मग एकदा पिठाच्या गिरण्यांचा मसुदा आला. बरीचशी कलमं शहाणपणाची होती. पट्ट्याला जाळी बसवा, खिडक्यांना जाळी लावा, मिरचीचं यंत्र वेगळं ठेवा. मी अगदी मनापासून मान डोलवत होते. तेवढ्यात साहेबांनी पुढचं कलम वाचलं, ‘कच्च्या मालाच्या आवकेसाठी व तयार मालाच्या जावकेसाठी स्वतंत्र प्रवेशद्वार असणे बंधनकारक राहील.’ माझी मान तिथंच थांबली.

माझ्या धाकट्या जावेची खुटबावला गिरणी आहे. दीर शेतात असतात, गिरणी सगळी तिच्या अंगावर. खोली एक, दार एक. दोन्ही बाजूंना लोकांची घरं, आणि मागची भिंत भावकीच्या अंगणाला लागून. त्या भावकीशी आमचं बांधावरून बिनसलं ते असं की, लग्नाची पत्रिकासुद्धा तिसऱ्याच्या हातून जाते. दुसरं दार पाडायचं झालं तर ते थेट त्यांच्या तुळशीपाशी उघडणार.

मी तिला कलम सांगितलं तेव्हा तिने पदराने तोंडावरचं पीठ पुसलं आणि म्हणाली, “ताई, त्यांच्या उंबऱ्याला दार मागाया जाण्यापरीस मी गिरणीला कुलूप लावीन.”

ती बोलते ते करते. आणि ती गिरणी गेली असती तर तिचं सगळंच गेलं असतं. घरात ती कुणाची सून, कुणाची आई. गिरणीत मात्र ती मालकीण. सरपंचाचा डबासुद्धा तिथं रांगेत उभा राहतो. माझा जीव तिच्यासाठी तुटत होता, खोटं कशाला सांगू!

समितीची एक चांगली पद्धत होती. ज्यांच्यावर नियम पडणार त्यांना आधी विचारायचं. मीच हट्ट धरला की सुनावणी पुण्यात नको, दौंडला घ्या. एका मंगल कार्यालयात ठरली. शिरूर आणि दौंड दोन्ही तालुक्यांतले गिरणीवाले येणार होते. त्यांचे पुढारी म्हणजे शिरूरकडचे एक आप्पा. सुनावणीआधी ते मला फोन करकरून पेटले होते. “येऊ द्या त्यांना. मोर्चा काढतो. एकेकाला पिठात लोळवतो.” मी म्हटलं, “लोळवू नका, फक्त खरं सांगा.”

साहेब मंडळी आली आणि सगळा घोटाळा झाला. म्हणजे आधी सत्कार झाला. प्रत्येकाला फेटा, शाल, नारळ. अध्यक्षांना असा मोठा फेटा बांधला आणि वर असा जाड हार घातला की त्यांचं नाक तेवढं दिसत होतं. मग शिरूरकरांनी घरून करून आणलेली मासवडी आणि रस्सा. “आणखी एक घ्या साहेब, तुमाला आमच्या गळ्याची शपथ.” जेवणं उरकल्यावर अध्यक्षांनी विचारलं, “दोन दारांचा नियम तुम्हाला कसा वाटतो? मोकळेपणाने बोला.”

आप्पा उभे राहिले. घसा खाकरला. “साहेब, नियम लई चांगला हाय. सोच्छता तर पायजेच.”

टाळ्या पडल्या. त्यानंतर एकामागून एक सगळे उठले आणि नियमाचं कौतुक करून बसले. शेवटच्या ओळीतून माझी जाऊ उठली. ती डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, “व्हय साहेब, बराबर हाय तुमचं,” आणि बसली. मला तिथल्या तिथं तिच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला.

आप्पांना मी भांडी घासायच्या मोरीपाशी गाठलं. “आप्पा, हे काय केलंत? मोर्चा कुठं गेला?”

ते माझ्याकडे असे बघायला लागले की मीच येडी. “अगं, आपल्या पंगतीला बसलेल्या मानसाला न्हाई म्हनायचं? त्यांच्या तोंडात अजून आपला घास हाय.”

पुढच्या बैठकीत इतिवृत्त वाचून दाखवलं, ‘सर्व उपस्थितांनी प्रस्तावित नियमाचे स्वागत केले.’ साहेबांचा चेहरा खुलला होता. खुलणारच. त्यांच्या जागी मी असते तर पेढे वाटले असते.

मी उठून उभी राहिले. “हे लिहू नका. ते मनातलं बोलले नाहीत.”

“म्हणजे खोटं बोलले?” साहेबांनी विचारलं.

“खोटं नाही, पाहुणचार केला. आमच्याकडे दारात आलेल्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत.”

“मॅडम, आम्ही गावात गेलो, प्रश्न विचारला, उत्तर मिळालं. आता आणखी काय करायचं? तुमचे लोक खरं बोलतात तरी कधी?”

माझं डोकं सटकलं होतं. म्हटलं, “पाहुण्याच्या जागी गिऱ्हाईक आलं की बोलतात. मग ऐकवत नाही इतकं खरं बोलतात.”

सगळे हसले. अध्यक्ष हसले नाहीत. कलम पुढच्या बैठकीपर्यंत राखून ठेवा, एवढंच ते म्हणाले. जावेच्या एका दाराचं रडगाणं मी त्यांना आधीच ऐकवलं होतं. बैठक संपल्यावर जिन्यात त्यांनी मला थांबवलं आणि विचारलं, “तुमच्या जावेच्या गिरणीत गर्दी कोणत्या वारी असते?”

रविवारी सकाळी ते डेमू रेल्वेने खुटबावला उतरले. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हातात पिशवी, पिशवीत गव्हाचा डबा. फेट्याविना ते अगदी कुणाचेही मामा दिसत होते. मला त्यांनी आधीच बजावलं होतं, ओळख द्यायची नाही. मी गिरणीत पोत्यावर बसून होते आणि तोंडाला कुलूप लावून बसणं म्हणजे काय शिक्षा असते ते त्या दिवशी कळलं.

गिरणी घरघरत होती. त्यांनी डबा सगळ्यांच्या पुढे नेऊन ठेवला. जाऊ तिथूनच ओरडली, “ओ मामा! रांग दिसती का? मागं ठिवा डबा.”

त्यांनी निमूट डबा मागे नेला. नंबर आला तेव्हा त्यांनी डबा तिच्यापुढे सरकवला आणि आवाज चढवून म्हणाले, “बाई, असं ऐकलं की गिरणीला आता दोन दारं लागणार. धान्य एका दाराने, पीठ दुसऱ्या.”

“कुन्या शान्यानं काढलंय ते?” जाऊ कडाडली. “मागं भिंत हाय, भिंतीमागं भावकी हाय. दुसरं दार काय तुमच्या डोक्यात काढू? आन् हितं कसला आलाय कच्चा माल न् पक्का माल? बाई आपला डबा आनती, आपलंच पीठ घिऊन जाती. या दारानं आत आली आन् त्या दारानं भाईर गेली, तर तिच्या चपला कुठं ऱ्हातील?”

रांगेतल्या बायका फिदीफिदी हसायला लागल्या. मी पदर तोंडात कोंबला.

“पण स्वच्छता नको का?” मामांनी विचारलं.

“पायजे की! जाळ्या लावा म्हना, लावते. पट्टा झाका म्हना, झाकते. पर दारापायी गिरनी बंद पडली तर म्या काय करू, दिवसभर भिताड बघत बसू?” तिचा आवाज एकदम चिरकला. मग तिने डबा त्यांच्या हातात आदळला. “धरा. आन् पुढच्या टायमाला गहू निवडून आना. खडं लई हायेत.”

पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी कुठं गेलो होतो, काय विचारलं, काय ऐकलं, सगळं सरळ सांगून टाकलं. खड्यांचंसुद्धा. साहेबांनी थोडी खळखळ केली. उंदीर, घूस, ओली पोती, त्यांनी पाहिलेल्या काही गिरण्या खरंच वाईट होत्या आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मग बराच खल होऊन ठरलं. गिऱ्हाइकाचंच धान्य दळून देणाऱ्या गिरणीला दुसऱ्या दाराची सक्ती नको, जाळ्या आणि झाकणं मात्र कुणालाच माफ नाहीत. तशी शिफारस गेली. चपलांचा मुद्दा इतिवृत्तात आला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

संध्याकाळी मी तडक खुटबाव गाठलं. जावेला सांगितलं, तेव्हा ती गिरणीच्या मागच्या भिंतीला पाठ टेकून खाली बसली आणि रडली. मीही रडले. मग मी तिला सांगितलं, रविवारी आलेले ते गव्हाचे मामा म्हणजे आमचे अध्यक्ष.

तिने कपाळावर हात मारून घेतला. “अगं बया! फेटा बांधल्याले त्येच व्हय? आन् म्या त्यांला च्यासुदिक न्हाई इचारला! ताई, आत्ताच्या आत्ता फोन लावा. रविवारी जेवायला बोलवा त्यांला. पुरनपोळी करते.”

“बोलावते,” मी म्हटलं, “पण नियम छापून आल्यावर. त्याच्या आत तू त्यांना जेवायला वाढलंस, तर दोन काय, चार दारांनासुद्धा हो म्हणशील.”