कपालेश्वराला नंदी नाही

पर्यावरणशास्त्राची पदवी हातात आली तेव्हा वाटलं होतं, आता मनासारखं काम करायला मोकळी झाले. प्रत्यक्षात सातपूरच्या एका कारखान्यात पाणीबचतीचे अहवाल लिहीत बसले. वाचवलेलं पाणी कधी डोळ्यांनी दिसलं नाही. मखमलाबादला आमची फुलशेती. वडील चिडवायचे, "पृथ्वी वाचवायला निघालीस ना, आधी तो गिझर बंद कर." मी हसायचे, पण जीव तुटायचा. अशात पुण्याच्या मोठ्या कंपनीतून बोलावणं आलं, आणि सुरगाण्याच्या डोंगरातले आटलेले झरे जिवंत करणाऱ्या एका लहानशा संस्थेतूनही. सोमवारी दोघांना उत्तर द्यायचं होतं. ओढ डोंगराची होती, धीर मात्र होत नव्हता.

रविवारी सकाळी नाशिकच्या कपालेश्वराला गेले. दर्शन घेतलं, पण काय मागावं तेच सुचेना. तेवढ्यात एक म्हातारी गाभाऱ्यासमोर काहीतरी शोधताना दिसली. "बाई, नंदी कुठं हाय?" मी म्हटलं, "मावशी, इथे नंदी नसतो. त्याने महादेवाला पापातून सुटायची वाट दाखवली, म्हणून महादेवाने त्याला गुरू मानलं, समोर बसू दिलं नाही." तिचा चेहरा उतरला. सुरगाण्याकडून द्राक्षबागेच्या कामाला आली होती बिचारी. "मंग मी कोणाच्या कानात सांगू?" असं म्हणत ती थेट माझ्याच कानाशी वाकली आणि नंदीपाशी धरतात तसा तोंडाआड हात धरला. असलं मागणं बाहेर सांगू नये, मावशीने माफ करावं. "आमच्या पाड्याचा झरा होळीनंतर बी वाहू दे. पोरांना घर सोडाया लागू नाय." मग म्हणाली, "सांगशील ना त्याला?" मी नुसती मान हलवली. डोळे पुसून पाहते तो ती पायऱ्या उतरून रामकुंडाच्या गर्दीत दिसेनाशी झाली होती. गाव विचारायचं राहूनच गेलं.

हा योगायोग असेल, नसेल, मला वाद घालायचा नाही. सोमवारी मी डोंगराला होकार कळवला. काही झरे आता वाहते झालेत, काही अजूनही वैशाखात दगा देतात. नाशिकला आले की देवासमोर हात जोडून आधी मावशीचं मागणं सांगते. माझं त्याच्यावर सोपवलंय, त्याने आजवर सांभाळलंय. नव्या पाड्यावर गेले की पाण्याला आलेल्या बायकांत तिला शोधते. अजून भेटली नाही. कोणता झरा तिचा हे मला ठाऊक नाही, म्हणून एकही सोडवत नाही.